फ्री रेन : लगाम सैल, पण कुणाच्या हातात?

या वेळच्या टपालात एकाच इंग्रजी वाक्प्रचाराभोवती फिरणारी बरीच पत्रे निघाली : ‘टू गिव्ह समवन फ्री रेन’, म्हणजे एखाद्याला त्याच्या मनाप्रमाणे काम करू देणे. कुणी स्पेलिंगवर अडले आहे, कुणी मराठी प्रतिशब्दावर, कुणी ऑफिसातल्या ईमेलवर. ‘कार्ट ब्लांश’, ‘ब्लँक चेक’, ‘लीवे’ हे त्याचे भाऊबंदही प्रश्नांत आले आहेत, म्हणून उत्तरे एकत्रच देत आहोत.

प्रश्न : दहावीच्या एका विद्यार्थ्याने निबंधात ‘अवर टीचर गेव्ह अस फ्री रेन’ असे लिहिले आणि ‘रेन’चे स्पेलिंग आर-ई-आय-जी-एन केले. मी ते कापले, तर त्याने मला दोन इंग्रजी बातम्यांत तेच स्पेलिंग दाखवले. बरोबर कोण? (शिक्षिका, सातारा)

तुम्ही. इथे आर-ई-आय-एन हवे, ‘जी’ नको. हा रेन म्हणजे लगामाची वादी, स्वाराच्या हातात असते ती. ‘जी’वाला रेन म्हणजे राजवट किंवा राज्य करणे. तिसरा, आर-ए-आय-एन, पाऊस. तिघांचा उच्चार एकच.

वादी करते काय ते एकदा पाहिले की स्पेलिंग आणि अर्थ दोन्ही डोक्यात बसतात. घोड्याच्या पुढच्या कापणाऱ्या दातांच्या आणि मागच्या दाढांच्या मध्ये नुसत्या हिरडीची रिकामी जागा असते. लगामाचा लोखंडी तुकडा तिथे बसतो. त्याच्या दोन टोकांना कड्या असतात, कड्यांना वादी, आणि ती मानेच्या दोन्ही बाजूंनी स्वाराच्या हातात येते. वादी ताणली की तोंडात दाब पडतो आणि घोडा मान आखडून थबकतो. सैल सोडली की मान लांब करून तो आपल्या अंदाजाने चालतो. खडकाळ उतारावर जाणता स्वार मुद्दाम वादी सैल सोडतो, कारण घोडा तोल सांभाळतो तो मान आणि डोके वरखाली करून. तीच आखडून धरली तर तो अडखळायचा. पाय कुठे टाकायचा हे त्या क्षणी स्वारापेक्षा घोड्याला जास्त कळते. वाक्प्रचाराची गोम हीच आहे. ज्याला काम कळते त्याला ते त्याच्या पद्धतीने करू द्यायचे, मात्र खोगिरावरून उतरायचे नाही आणि वादी हातातून टाकायची नाही.

व्युत्पत्तीतही हा फरक आहे. वादीचा रेन लॅटिनमधल्या ‘रेतिनेरे’ म्हणजे ‘मागे धरून ठेवणे’ या क्रियापदापासून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. ‘रिटेन’ हा त्याचाच नातेवाईक. राजवटीचा रेन आला ‘रेग्नुम’ म्हणजे राज्य या शब्दापासून, आणि त्याच्या मागे ‘रेक्स’ म्हणजे राजा. आपला ‘राजा’ आणि हा ‘रेक्स’ एकाच मुळाचे. ‘जी’ आली ती या राजघराण्यातून.

मग चुकीचे स्पेलिंग एवढे का पसरते? एक तर घोडे रोजच्या जगण्यातून गेले. दुसरे म्हणजे चुकीच्या स्पेलिंगचाही अर्थ लागतो : ‘मुक्त राज्य दिले’, म्हणजे हवे ते करा. अर्थ लागणारी चूक सहसा कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही. तिसरे, तिन्ही शब्द इंग्रजीत अस्तित्वात असल्यामुळे स्पेलिंग तपासणारी साधने बऱ्याचदा गप्प बसतात. या ‘जी’ला घुसखोरीची सवय जुनीच आहे. ‘सॉव्हरिन’ या शब्दात मुळात ‘जी’ नव्हती. फ्रेंच ‘सोव्हरेन’चा राजवटीशी संबंध असणारच असे लोकांना वाटले आणि ती आत आली. तिथे ती कायम झाली. ‘फ्री रेन’मध्ये अजून झालेली नाही, आणि परीक्षकाने ती होऊ देऊ नये.

मुलांसाठी ताळा सोपा आहे. रेनच्या जागी ‘लगाम’ ठेवून वाक्याचे चित्र उभे राहते का पाहा. ‘लगाम सैल दिला’, ‘लगाम हातात घेतला’, ‘लगाम खेचला’ : तिन्ही चालतात, म्हणून ‘फ्री रेन’, ‘टेक द रेन्स’ आणि ‘रेन इन’ या तिन्हींत ‘जी’ नाही. ‘व्हिक्टोरिया राणीचा लगाम’ चालत नाही; तिथे ‘जी’ हवी. सर्वांत फसवे वाक्य ‘द रेन्स ऑफ पॉवर’. त्यात सत्ता आहे म्हणून हात आपोआप राजवटीकडे जातो. पण तिथेही हातात आहे ती वादीच.

प्रश्न : ‘दिग्दर्शकाने नेपथ्यकाराला फ्री रेन दिला’ याचे मराठी मी ‘मोकळे रान दिले’ असे केले. संपादकांनी ते बदलून ‘खुली छूट दिली’ केले. मला दोन्ही खटकतात, पण का ते सांगता येत नाही. (भाषांतरकार, पुणे)

तुमचा कान बरोबर आहे.

‘मोकळे रान’ मराठीत बहुधा वाईटाच्या पदरात पडते. वाळूमाफियांना मोकळे रान, भुरट्या चोरांना मोकळे रान, दलालांना मोकळे रान. राखण नसलेल्या शेतात गुरे शिरली की जे होते ते या शब्दांत आहे. नेपथ्यकाराला मोकळे रान दिले म्हटले की वाचकाला वाटते, त्याने बजेट खाऊन टाकले. ‘फ्री रेन’ मात्र तटस्थ आहे. चांगल्या माणसालाही मिळतो, वाईटालाही.

‘खुली छूट’ हिंदीतून जशीच्या तशी उचललेली आहे. कुणी तिचे ‘खुली सूट’ असे मराठीकरण करतात, तेव्हा तर पंचाईतच होते. मराठीत सूट म्हणजे किमतीतली सवलत किंवा नियमातून वगळणे. ‘नेपथ्यकाराला खुली सूट’ वाचून दिवाळीच्या जाहिराती आठवतात.

‘मोकाट सोडले’ हा तिसरा मोह, आणि तो तर पूर्ण चुकीचा. मोकाट जनावर म्हणजे ज्याचे दावे सुटले आहे, ज्याला धनी विचारत नाही, ज्याची रवानगी कोंडवाड्यात होते. फ्री रेनमध्ये धनी वरच बसलेला आहे.

इंग्रजीतली घोड्याची प्रतिमा ठेवायची तर ‘लगाम सैल सोडला’ आहेच. पण आमच्या मते या वाक्प्रचाराचा मराठीतला सख्खा भाऊ घोड्यावर नाही, बैलगाडीत आहे : कासरा. बैलाच्या वेसणीला बांधलेली आणि गाडीवानाच्या मुठीत असलेली दोरी. ‘दिवस कासराभर वर आला’ असे म्हणताना जिने सूर्याचीही उंची मोजली, ती दोरी. वाट ओळखीची असली, बैल घरच्या ओढीने निघाले, की गाडीवान कासरा सैल सोडून निवांत बसतो. कासरा मुठीत असतोच, फक्त ताण नसतो. ‘मुलगा कमावता झाल्यावर अण्णांनी कासरा सैल सोडला’ यात फ्री रेनचा अर्थ पूर्ण उतरतो.

अडचण एवढीच की नाटकाच्या परीक्षणात कासरा ग्रामीण बाजाचा वाटेल आणि नेपथ्यकाराला बैल केल्यासारखेही होईल. तिथे प्रतिमा सोडून द्यावी : ‘दिग्दर्शकाने नेपथ्यकाराला पूर्ण मोकळीक दिली’. मोकळीक हा शब्द स्वच्छ आहे, त्याला बऱ्यावाईटाचा वास नाही. ‘मुभा’ त्याहून अरुंद. अरबी ‘मुबाह’ म्हणजे ज्याला मनाई नाही असे कृत्य, त्यावरून तो आला, आणि मराठीतही तो एकेका गोष्टीच्या परवानगीपुरता चालतो : उशिरा येण्याची मुभा, घरून काम करण्याची मुभा. ‘पूर्ण मुभा दिली’ असे लिहिले तर कशाची, हे पुढे सांगावे लागते. सरकारी किंवा कायदेशीर मजकुरात ‘निर्णयाचे पूर्ण अधिकार दिले’ हेच बरे, तिथे घोडे-बैल काहीच नको.

भावना किंवा कल्पना यांच्याबद्दल वाक्य असेल, ‘शी गेव्ह फ्री रेन टू हर इमॅजिनेशन’, तर मराठीत घोडा आधीपासूनच तयार आहे. कल्पनेचा वारू चौखूर उधळतो. फक्त उधळण्यात बेफामपणा आहे हे लक्षात ठेवा. कौतुक करायचे असेल तर ‘कल्पनेला मुक्त वाव दिला’ म्हणा. रागाबाबत ‘रागाला वाट करून दिली’.

आणखी एक सापळा ‘फ्री हँड’चा. त्याचे कुणी ‘मुक्तहस्त’ करते. मराठीत मुक्तहस्ते काय करतात? दान. इंग्रजीतही ‘फ्री-हँडेड’ म्हणजे उदार, आणि जोडून लिहिलेला ‘फ्रीहँड’ म्हणजे पट्टी-कंपास न वापरता काढलेले चित्र. ‘पोलिसांना फ्री हँड’ या बातमीचे ‘पोलिसांना मुक्तहस्त’ केले तर पोलीस काहीतरी वाटत सुटल्याचे चित्र उभे राहते. ‘कारवाईची मोकळीक’ लिहा, किंवा आता मराठी मथळ्यांत रुळलेलेच आहे म्हणून ‘फ्री हँड’ तसेच ठेवा.

प्रश्न : ‘अ फ्री रेन’ की नुसते ‘फ्री रेन’? ‘फ्री रेन्स’ असे अनेकवचन चालते का? पुढे कोणते शब्दयोगी येतात? (स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, लातूर)

आधी ‘अ’ नको. ‘गिव्ह फ्री रेन’, ‘हॅव फ्री रेन’, ‘गेट फ्री रेन’. ‘अ फ्री रेन’ क्वचित छापलेले दिसते, पण परीक्षेत ते टाळा. याउलट ‘फ्री हँड’ला ‘अ’ लागतोच : ‘दे गेव्ह हर अ फ्री हँड’. ‘ब्लँक चेक’लाही लागतो. ‘कार्ट ब्लांश’ला लागत नाही, ‘लीवे’लाही नाही. चूक शोधण्याच्या प्रश्नांत हाच फरक कामाला येतो, म्हणून हे पाच एकत्र पाठ करा.

वादी प्रत्यक्षात दोन्ही बाजूंनी येते, तरी या वाक्प्रचारात शब्द एकवचनीच. ‘फ्री रेन्स’ चूक. पण ‘टेक द रेन्स’, ‘हँड ओव्हर द रेन्स’ यांत अनेकवचन हवे आणि ‘द’ही हवा. म्हणजे कारभार हाती घेणे किंवा सोपवणे. मराठीत त्यासाठी सूत्रे आहेत, ‘सूत्रे हाती घेतली’. ‘कीप अ टाइट रेन ऑन’ म्हणजे कडक ताबा ठेवणे. तिथे पुन्हा एकवचन आणि ‘अ’. तर्क शोधत बसू नका, तो हाती लागणार नाही.

पुढे क्रियापद आले तर ‘टू’ : ‘फ्री रेन टू चूज’. क्षेत्र सांगायचे तर ‘ओव्हर’ किंवा ‘इन’ : ‘फ्री रेन ओव्हर द मेन्यू’. हाताळण्याची वस्तू असेल तर ‘विथ’ : ‘फ्री रेन विथ द कलर्स’. कर्मणी वाक्य जास्त सहज वाटते, ‘द शेफ वॉज गिव्हन फ्री रेन’, कारण कोणी दिला यापेक्षा कोणाला मिळाला हे महत्त्वाचे असते. ‘फुल रेन’ हेही शुद्ध आहे आणि मुख्यतः भावनांसाठी वापरतात.

प्रश्न : ‘कार्ट ब्लांश’ आणि ‘ब्लँक चेक’ एकच का? आमच्याकडे ग्राहक कोरा चेक सही करून देतात तेव्हा मला कायम या शब्दांची आठवण होते. (बँक कर्मचारी, नागपूर)

जवळचे आहेत, एक नव्हेत. ‘कार्ट ब्लांश’ फ्रेंच. शब्दशः कोरा कागद. उच्चारात शेवटचा ‘श’ ठेवा, ‘ब्लांच’ म्हणू नका. इंग्रजीत तो सतराव्या शतकात आला तेव्हा त्याचा अर्थ आजच्यासारखा सुखाचा नव्हता. एका पक्षाने कोऱ्या कागदावर सही करून द्यायची आणि अटी दुसऱ्याने भरायच्या, म्हणजे बिनशर्त शरणागतीच. पुढे तोच कागद विश्वासाचा झाला : तुम्हाला योग्य वाटेल ते भरा, माझी सही आहेच. आज ‘शी इज हॅव्हिंग कार्ट ब्लांश’ असे वाकडे वाक्य कुणी करत नाही. ‘शी हॅज कार्ट ब्लांश टू रिडिझाइन द ऑफिस’ असे म्हणतात, आणि त्यात भीतीचा मागमूस नसतो.

मराठी माणसाला मात्र कोऱ्या कागदावरची सही अजून दचकवते. ‘त्याने कोऱ्या कागदावर सही घेतली’ म्हटले की पुढचे सांगावे लागत नाही. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे काढून जाळले. आत काय लिहिले आहे ते वाचता न येणाऱ्याने उठवलेला अंगठा काय करू शकतो, हे त्या पिढीने भोगले होते. म्हणून ‘कार्ट ब्लांश’चे भाषांतर ‘कोरा कागद सही करून दिला’ असे करताना जपावे. ‘सर्वाधिकार दिले’ हे सुरक्षित. ‘कुलमुखत्यारी दिली’ लाक्षणिक अर्थाने शोभते, पण मुखत्यारपत्र हा प्रत्यक्ष दस्त असल्याने कायद्याच्या मजकुरात गोंधळ होईल.

‘ब्लँक चेक’ला पैशांचा आणि बेजबाबदारीचा वास आहे. ‘सरकारने कंपनीला ब्लँक चेक दिला’ ही बहुधा टीका असते. राजकारणात याचे ठळक उदाहरण १९१४चे. २८ जूनला सारायेव्होमध्ये ऑस्ट्रियाच्या युवराजाची हत्या झाली. ५ जुलैला जर्मन सम्राट दुसरा विल्हेल्म याने पॉट्सडॅममध्ये ऑस्ट्रियाच्या राजदूताला सांगितले की तुम्ही सर्बियाविरुद्ध जे कराल त्यात जर्मनी पाठीशी आहे. दुसऱ्या दिवशी चान्सेलर बेथमान-होल्वेग यांनी त्यावर शिक्कामोर्तब केले. इतिहासकार याला ‘ब्लँक चेक’च म्हणतात. याला ‘फ्री रेन’ का म्हणत नाहीत? कारण वादी हातात असती तर खेचता आली असती. चेक एकदा दुसऱ्याच्या खिशात गेला की आकडा तो घालतो. २८ जुलैला ऑस्ट्रियाने युद्ध पुकारले.

तुमच्या ग्राहकांना मात्र हे भाषेच्या पलीकडचे सांगा. सही केलेला कोरा चेक स्वखुशीने दिला असेल तर रक्कम आणि तपशील दुसऱ्याने भरले एवढ्यावरून तो निकामी ठरत नाही. चेक देण्यामागे देणे होते असेच कायदा धरून चालतो आणि ते नव्हते हे दाखवण्याची जबाबदारी सही करणाऱ्यावर येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१९च्या एका निकालात हे स्पष्ट केले आहे, चलनक्षम दस्तऐवज कायद्याच्या कलम १३८ आणि १३९च्या संदर्भात. वाक्प्रचार आणि वस्तुस्थिती इतकी तंतोतंत जुळण्याचे प्रसंग कमीच.

प्रश्न : ‘लीवे’ हा शब्द जहाजावरचा आहे असे ऐकले. मग त्याचा सवलतीशी काय संबंध? (मालवण)

बंदरावरच्या माणसाला हे दोन ओळींत समजेल. शिडाची होडी वाऱ्याच्या तिरकस चालली की ती सरळ पुढे जात नाही. वारा तिला आडवी ढकलत राहतो. ज्या बाजूला वारा ढकलतो ती ‘ली’, आणि या आडव्या सरकण्याला ‘लीवे’. तळाला चांगली खोल कणा-पट्टी असलेली होडीही वाऱ्याच्या तोंडाला तिरकी जाताना साधारण ३ ते ५ अंश सरकते. ५ अंश धरले तर १२ सागरी मैल गेल्यावर होडी ठरल्या रेषेपासून जवळपास १ मैल बाजूला असते. ‘ली’च्या बाजूला खडक असेल तर तेवढे पाणी राखून निघावे लागते. हे राखलेले अंतर म्हणजे चुकण्यासाठी ठेवलेली जागा, आणि तिथून ‘थोडे इकडेतिकडे होण्याची मुभा’ हा अर्थ आला.

म्हणून ‘लीवे’ मोजता येतो, फ्री रेन नाही. ‘सम लीवे’, ‘अ लिटल लीवे’, ‘टू डेज’ लीवे’. ‘मुदतीत दोन दिवसांचा लीवे’ म्हणजे दोन दिवस आगेमागे झाले तर चालेल, तिसरा नाही. मराठीत याला ‘ढील’ फार चपखल बसतो. संक्रांतीला पतंगाला ढील देतो तसा : फिरकी हातात, मांजा मोजून सोडलेला. ब्रिटिश इंग्रजीत ‘मेक अप लीवे’ म्हणजे मागे पडलेले भरून काढणे. तो अर्थ सवलतीचा नाही, मूळच्या सरकण्याचा आहे.

प्रश्न : माझ्या मॅनेजरने लिहिले, ‘यू हॅव फ्री रेन ऑन द डिझाइन, विदिन रीझन.’ मी तसे केले, तर नंतर म्हणाल्या की आधी विचारायला हवे होते. मग फ्री रेनचा अर्थ काय? (डब्लिनहून एक वाचक)

अर्थ सगळा ‘विदिन रीझन’मध्ये होता. मराठीत त्याचा सूर असा : ‘कर तुला हवे तसे, पण तारतम्य ठेव.’ घरात वडीलधाऱ्यांनी असे म्हटले तर कुठे थांबायचे ते आपल्याला न सांगता कळते. दुसऱ्या भाषेत आणि दुसऱ्या देशाच्या ऑफिसात ते तारतम्य कुणाचे धरायचे हेच माहीत नसते, म्हणून असे वाक्य आले की लगेच उलट लिहून मर्यादा ठरवून घ्यावी. विचारल्याने अधिकार कमी होत नाही.

चार गोष्टी विचाराव्यात. पैसा : किती रकमेपर्यंत खर्च मी मंजूर करू शकते? वेळ : अंतिम तारीख हलू शकते का? माणसे : बाहेरच्या कुणाला काम द्यायचे किंवा दुसऱ्या टीमला गुंतवायचे तर परवानगी लागेल का? आणि सर्वांत जास्त विसरला जाणारा मुद्दा, उलट न फिरणारे निर्णय : जे एकदा केले की मागे घेता येत नाही, उदाहरणार्थ ग्राहकाला दाखवलेला आराखडा किंवा सही झालेला करार, त्याआधी मी थांबावे का? वादी कुठे ताणली जाते ते बहुतेक वेळा या चौथ्या प्रश्नात कळते. रंग, मांडणी, क्रम यांबद्दल कुणी फोन करत नाही. परत न येणाऱ्या पावलाबद्दल करतात.

उत्तर लिहिण्यासाठी साधे वाक्य : ‘थँक्स, आय विल गो अहेड, अँड चेक विथ यू बिफोर एनिथिंग गोज टू द क्लायंट.’ यात मोकळीक स्वीकारलीही जाते आणि मर्यादाही तुम्हीच आखता. मॅनेजरांना ती नको असेल तर त्या कळवतील. गप्प राहिल्या तर पुढच्या वेळी दाखवायला तुमच्याकडे ईमेल आहे.

उलट बाजूने, तुम्हीच कुणाला काम देत असाल आणि मधेमधे डोकावणार असाल, तर ‘फ्री रेन’ लिहू नका. ‘सम लीवे’ लिहा. ते प्रामाणिक ठरेल.

प्रश्न : ‘टेक द बिट बिटवीन युवर टीथ’ म्हणजे लगाम चावून धरणे, मग घोडा थांबतो की सुटतो? (कोल्हापूर)

सुटतो. वर सांगितलेल्या हिरडीच्या जागेतून लोखंडी तुकडा सरकवून घोड्याने तो दातांत पकडला की वादी कितीही ताणा, दाब पोहोचत नाही. मूळ अर्थ म्हणून ‘ताब्याबाहेर जाणे’. आज इंग्रजीत, विशेषतः ब्रिटनमध्ये, तो कौतुकानेही वापरतात : कंबर कसून कामाला लागणे. फ्री रेन दिला जातो. बिट स्वतः पकडायचा असतो.

प्रश्न : ‘गिव्ह हिम इनफ रोप’ हेही मोकळीक देणेच ना? (ठाणे)

दिसायला. पूर्ण वाक्य आहे, ‘भरपूर दोर द्या, म्हणजे तो स्वतःच फास लावून घेईल.’ मोकळीक देण्यामागचा हेतू त्याला फसू देण्याचा आहे. नव्या सहकाऱ्याच्या स्वागताच्या भाषणात हा वाक्प्रचार चुकूनही नको. दिलेल्या सवलतीचा कुणी गैरफायदा घेतला असे म्हणायचे असेल तर ‘गिव्ह हिम अॅन इंच अँड ही विल टेक अ माइल’ आहे, आणि मराठीत बोट दिले की मनगट धरणारे आहेतच.

प्रश्न : ‘एल्बो रूम’ कुठे वापरावा? (पणजी)

जागा कमी पडते तिथे, खरी किंवा लाक्षणिक. स्वयंपाकघरात दोघांना एल्बो रूम नाही. अर्थसंकल्पात मंत्र्यांना एल्बो रूम उरला नाही. कोपरे हलवता येतील एवढी जागा, त्यापेक्षा मोठे स्वातंत्र्य त्यात नाही. याच्या आधी ‘अ’ लावू नका.